नवल, नालवाडी आणि 'स्लॉइड'

आचार्य जे. बी. कृपलानी ह्यांचे बुनियादी शिक्षणावरील इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाने प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'द लेटेस्ट फॅड'. ज्या योजनेचा पुरस्कार करावयाचा तिलाच 'अगदी ताजे खूळ' म्हणून संबोधण्यातला उपरोध उघड आहे. सुशिक्षितांच्या तोंडचा शब्द लेखकाने आधीच उचलला आणि त्यांच्याच पुढ्यात मांडून ठेवला. एखाद्या आचाराला विचार म्हणून न भेटता खूळ, विक्षिप्तपणा किंवा नवल म्हणून भेटणे ही वाचनाची एक रीतच आहे. ह्या रीतीचा विचार करण्यासाठी वर्ध्याजवळच्या नालवाडीची सांगड दूरच्या स्वीडनशी घालता येते.

'देशोदेशीच्या नवलकथा' हा वृत्तपत्री सदरांचा जुना प्रकार. स्वीडनने त्याला भरपूर खाद्य पुरविले आहे. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता तो सबंध देश रस्त्याच्या डाव्या बाजूने उजव्या बाजूला गेला. येवले नावाच्या गावी (उच्चार जवळजवळ आपल्या पैठणीच्या येवल्यासारखाच) १९६६ पासून नाताळात गवताचा प्रचंड बोकड उभारतात आणि कोणीतरी तो पुन्हापुन्हा जाळून टाकते. आंबवलेल्या हेरिंग माशाचा फुगलेला डबा उघडायचा तो घराबाहेर. अशा मजकुराचे व्याकरण ठरलेले असते. कर्ता 'ते लोक', क्रियापद रीतिवर्तमानकाळी, आणि कारण नेहमी गाळलेले. डावीकडून उजवीकडे जाण्यामागे शेजारी देशांच्या वाहतुकीशी जुळवून घेण्याचा हेतू होता, आणि १९५५ च्या सार्वमतात ह्याच बदलाला जनतेने प्रचंड बहुमताने नकार दिला होता. हे सांगितले की नवलाचे राजकारण होते आणि सदराची गंमत संपते.

श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये मांडलेली अपरिचितीकरणाची संकल्पना मराठी समीक्षेला परिचित आहे. परिचित वस्तू अनोळखी करून ती पुन्हा पाहायला लावणे, हे तिचे सार. नवलसदर उलट दिशेने काम करते. अनोळखी वस्तू ते अधिक अनोळखी करते आणि पाहण्याच्या श्रमातून वाचकाची सुटका करते. 'स्लॉइड' हे अशा सुटकेचे चांगले उदाहरण आहे.

'स्लॉइड' म्हणजे शाळेतील हस्तकर्म. गोथेनबर्गचे व्यापारी ऑगस्ट अब्राहमसन ह्यांनी १८६८ मध्ये नेस येथील वाडा व जमीन विकत घेतली, आणि त्यांचे भाचे ऑटो सॅलोमन (१८४९-१९०७) ह्यांनी तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. फिनलंडमधील उनो सिग्नेउस ह्यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. पुढे देशोदेशीचे शिक्षक नेसला येऊ लागले. लहान मुलांच्या हाती पहिल्याच धड्यात धारदार चाकू देणारी शाळा, ही झाली गंमत. परंतु सॅलोमनची पद्धत विलक्षण काटेकोर होती. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी नमुन्यांची मालिका. वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी, शोभेची नको. ती आरंभापासून शेवटपर्यंत एकाच मुलाने करावयाची. कारखान्यातील श्रमविभागणीला तेथे मज्जाव. शिकविणारा कारागीर असून भागत नाही, तो शिक्षकच हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने केलेला लाकडी चमचा हे शिक्षणाचे फळ नव्हे. चमचा करताना जो मुलगा घडला, ते फळ.

ह्या शब्दाचे कूळही पाहण्याजोगे आहे. त्याचा मूळ नॉर्स धातू चतुराईचा, आणि थोड्या लबाडीचाही. इंग्रजीतील 'स्लाय' त्याच घराण्यातला. हाताची सफाई आणि बुद्धीची चलाखी तेथे एकाच शब्दात नांदतात. आपल्याकडे 'कुशल' ह्या शब्दाची परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती अशीच आहे: हात कापू न देता दर्भ आणणारा तो कुशल. मराठीत 'हातखंडा', 'हातोटी', 'हात बसणे' हे सारे शब्दप्रयोग ज्ञानाविषयीचे आहेत, परंतु ते विद्येच्या नव्हे तर धंद्याच्या प्रांतात वापरले जातात. शास्त्र्याची व्याकरणात हातोटी आहे असे म्हटले तर ते रूपकच ठरते. भाषेने ज्याला ज्ञान मानले त्याला समाजाने विद्या मानले नाही, ह्या विसंगतीचा निवाडा व्युत्पत्ती करू शकत नाही.

विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस नालवाडीला राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. मधल्या काळात बहुतांशी अस्पृश्य मानलेल्यांच्या ह्या वस्तीत त्यांनी निव्वळ कताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. गीतेचे समश्लोकी मराठीकरण नुकतेच प्रसिद्ध झालेला पंडित दिवसाचे तासन्तास सूत कातून आपल्या मजुरीचा हिशेब मांडतो, हे दृश्य त्या काळच्या सुशिक्षिताला स्वीडनमधल्या कोणत्याही गोष्टीइतकेच विक्षिप्त वाटले असणार. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली तेव्हा विनोबा नालवाडीतच होते. परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे ते सभासद झाले. समितीच्या अभ्यासक्रमात शेती व कताई-विणकामाबरोबर पुठ्ठा व लाकूडकाम होते. पहिल्याच इयत्तेत तकली उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी फिरविण्याचा पाठ होता. विनोबांनी पुढे 'मूल उद्योग: कातना' ही पुस्तिका लिहिली.

नेस आणि नालवाडी ह्यांतील साम्य येथपर्यंत डोळ्यांत भरते. त्यावरून कोणी कोणाकडून काय घेतले ह्याचा शोध घेत बसणे हा तुलनात्मक अभ्यासाचा जुना मोह आहे, आणि येथे तो फारसा फलदायी नाही. भेद अधिक बोलका आहे. सॅलोमनला वस्तूच्या किमतीत रस नव्हता. गांधींचा आग्रह नेमका किमतीचा होता: मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघाले पाहिजे. परिषदेतच के. टी. शाह ह्यांनी ह्या स्वावलंबनावर आक्षेप घेतला. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका खुद्द समितीच्या अहवालानेही नोंदविला. तरीही गांधींचा हट्ट निव्वळ काटकसरीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. दारूच्या महसुलावर चालणारी शाळा त्यांना नको होती, आणि सरकारी तिजोरी भरेपर्यंत खेड्यातील मुलाने थांबावे हेही त्यांना मान्य नव्हते. स्वीडनमध्ये हस्तकर्म शाळेत आले ते शेतकऱ्याच्या घरातील हस्तकला यंत्रयुगात लोपू लागली म्हणून. येथे ती लोपली नव्हती. ती जातीत कोंडलेली होती.

विश्वभारतीचे लक्ष्मीश्वर सिंह १९२८ मध्ये स्लॉइड शिकण्यासाठी स्वीडनला गेले. तेथे ते एस्पेरांतो भाषा शिकले आणि १९३६ मध्ये त्यांनी तिच्यातच स्वीडनविषयी पुस्तक लिहिले. भारतीय माणूस स्वीडनकडे पाहतो आहे, असे त्याचे शीर्षकच सांगते. बंगाली मनुष्याने स्वीडनवर कोणाचीच मायबोली नसलेल्या भाषेत लिहावे, हे खरोखरीच नवल! परंतु ह्या पाहणाऱ्याने आधी तेथील रंधा हातात धरला होता.

नालवाडीचा सर्वांत अवघड पाठ मात्र लाकडाचा किंवा सुताचा नव्हता, तो चामड्याचा होता. विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर ह्यांनी तेथे चर्मालय चालविले. मारलेल्या नव्हे तर मेलेल्या जनावरांचे कातडे कमावायचे, हा त्याचा दंडक होता. सवर्ण घरांतून आलेल्या कार्यकर्त्यांनी ह्या कामाला हात लावणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, आणि गांधीवादी चरित्रपर लेखनात तिचा गौरव झाला आहे. ह्या गौरवाची संहिता दुसऱ्या एका घटनेशेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. त्यांच्या चळवळीत पुढे मेलेली ढोरे ओढण्याचे काम नाकारणे हा स्वाभिमानाचा प्रश्न बनला आणि ठिकठिकाणी महारांनी त्यासाठी गावचा बहिष्कार सोसला. एकाच दशकाच्या अंतराने एक समाज जे काम टाकून माणूस होऊ पाहत होता, तेच काम उचलून दुसऱ्या समाजातील मूठभर माणसे आपले प्रायश्चित्त घेत होती. नेसच्या मालिकेत चाकू कोणाच्याही हातात चाकूच राहतो. नालवाडीत तसे होत नव्हते. तीच रापी धरणाऱ्याच्या जातीनुसार एका हातात साधना ठरे, दुसऱ्या हातात कलंक. हस्तकर्म शाळेत आणणाऱ्या योजनेने हाताला प्रतिष्ठा देऊ केली; ज्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आले होते त्यांच्या कौशलाला 'शिक्षण' हे नाव आधी का मिळाले नाही, हा प्रश्न तिच्या अभ्यासक्रमात बसत नव्हता.

स्वीडनमध्ये १९५५ साली 'स्लॉइड' सक्तीचा विषय झाला, आणि १९६९ च्या अभ्यासक्रमाने मुलगे व मुली दोघांनाही सुई आणि करवत दोन्ही दिल्या. आपल्याकडे कोठारी आयोगानंतर 'उद्योग' हा शब्द मागे पडून 'कार्यानुभव' हा शब्द वेळापत्रकात आला. त्या तासाला बहुधा कागदी फुले होतात.