ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे आणि ‘स्वतंत्र’ या संज्ञेचा अर्थपालट : ब्रिटन, १९७६ ते १९८८

इ. स. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टर येथील बझकॉक्स या वाद्यवृंदाने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गीतांची छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच ‘न्यू हॉर्मोन्स’ या नाममुद्रेखाली काढली. उसनवारीने उभारलेल्या सुमारे ५०० पौंडांत काम भागले व प्रथम १,००० प्रती निघाल्या. पुढे खप १६,००० च्या घरात गेला. जाहिरातखाते नाही, फिरते विक्रेते नाहीत. अशा स्थितीत हे कसे घडले, या प्रश्नाचे उत्तर संगीताच्या गुणवत्तेत जितके आहे, तितकेच ते तत्कालीन परीक्षणांतही शोधावे लागते.

१९७६ च्या जुलैत लंडनमधील मार्क पेरी या बँकेतील कारकुनाने ‘स्निफिन् ग्लू’ हे छायाप्रतींचे नियतकालिक काढले. साठोत्तरी मराठी लघु-अनियतकालिकांशी परिचित असलेल्यांस त्याचे रूप अनोळखी वाटणार नाही : ओबडधोबड टंकलेखन, हाताने लिहिलेले मथळे, आणि प्रस्थापितांविषयी उघड तुच्छता. त्याच्या अनुकरणाने गावोगाव निघालेल्या पत्रकांतील परीक्षणे शास्त्रशुद्ध रसग्रहण नव्हतीच. ध्वनिमुद्रिका कोणी काढली, कितीला मिळते, कोणत्या पत्त्यावर पैसे पाठवावेत, ही माहिती त्यांत अभिप्रायाइतकीच महत्त्वाची असे. ध्वनिमुद्रिकाही परीक्षणाची भाषा बोलू लागल्या. १९७८ मध्ये स्क्रिटी पॉलिटी या संचाने आपल्या पहिल्या मुद्रिकेच्या वेष्टनावर निर्मितिखर्चाचा तपशीलच छापला. परीक्षक, निर्माता आणि ग्राहक ही तीन माणसे वेगळी आहेत, हे गृहीतच येथे डळमळीत झाले.

तथापि या मुद्रिकांना देशभर वाचक मिळवून दिला तो मुख्यतः साप्ताहिकांनी. आणि त्यांतील अग्रगण्य ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ हे आयपीसी या बलाढ्य प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे होते. स्वातंत्र्याची द्वाही मोठ्या भांडवलाच्या छापखान्यातून फिरावी, यातील विसंगती लपण्यासारखी नव्हती. पॉल मॉर्ले यांचे उदाहरण बोलके आहे. मँचेस्टरमधील हौशी पत्रकातून ते या साप्ताहिकात आले, तेथील प्रभावी परीक्षक झाले, आणि १९८३ मध्ये ‘झेडटीटी’ या ध्वनिमुद्रिकासंस्थेचे सहसंस्थापक बनले. यात केवळ संधिसाधूपणा पाहणे अन्यायाचे होईल. परंतु अशा परीक्षकाचा अभिप्राय तटस्थ साक्ष म्हणून वापरणाऱ्या इतिहासकाराने दोनदा विचार केला पाहिजे.

संज्ञेचा खरा पेच १९८० पासून दिसतो. त्या वर्षीच्या जानेवारीत स्वतंत्र मुद्रिकांची खपानुसार क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तिची कसोटी निव्वळ व्यवहाराची होती : मुद्रिकेचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर झालेले असावे. संगीत कोणत्या धाटणीचे, याला तेथे काडीचीही किंमत नव्हती. परीक्षकांनी मात्र त्याच शब्दाला हळूहळू ध्वनीचा अर्थ चिकटवला. १९८६ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने ‘सी-८६’ ही २२ गीतांची ध्वनिफीत काढली. तीत बॉगशेड, स्टंप, बिग फ्लेम यांसारख्या संचांचे कर्कश, तुटक संगीतही भरपूर आहे. असे असता ‘इंडी’ म्हणजे किणकिणती गिटार व लाजरा स्वर, असे समीकरण तिच्याच नावाने रूढ झाले. स्वतः फीत ऐकणारास हे समीकरण पटणे कठीण. परंतु त्यानंतरची परीक्षणे वाचणारास ते सर्वत्र आढळते.

दोन अर्थ किती दूर गेले होते, ते १९८८ मध्ये उघड झाले. कायली मिनोग या ऑस्ट्रेलियन गायिकेची नृत्यगीते पीडब्ल्यूएल या नाममुद्रेची असून स्वतंत्र वितरकामार्फत विकली जात होती. त्यामुळे नियमानुसार ती स्वतंत्र मुद्रिकांच्या क्रमवारीत अग्रस्थानी पोचली. नियमात चूक नव्हती आणि मोजणीतही नव्हती. तरीही तिला ‘इंडी’ म्हणण्यास एकही परीक्षक सहजासहजी तयार झाला नसता.