भाकरी, भूक आणि रक्तांतील साखर

मालेगांव म्हटलें कीं पुण्यामुंबईकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें नाशिक जिल्ह्यांतील यंत्रमाग उभे राहतात. मी बोलणार आहें तें मालेगांव वऱ्हाडांतलें, वाशीम जिल्ह्यांतलें. येथील काळ्या जमिनीनें दोन पिढ्यांत आपलें मुख्य पीक बदललें. जमिनीनें पीक बदललें म्हणजे ताटानें धान्य बदललें. आणि ताटानें धान्य बदललें तेव्हां आमच्या पोटांतील भुकेचें घड्याळहि बदललें कीं काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. तरीहि शेतकऱ्यानें ज्वारी सोडली नाहीं. कापूस सावकारासाठीं, ज्वारी घरासाठीं आणि तिचा कडबा बैलांसाठीं, असा सरळ हिशेब होता. पेवांत ज्वारी असली म्हणजे घर निर्धास्त असे. सालदाराची मजुरी व बलुतेदाराचा हक्क ज्वारीनेंच चुकता होई. पोळी सणाची, भात पाहुण्याचा, आणि रोजची भाकरी. भाकरीसोबत अंबाडीची भाजी, झुणका, तुरीचें वरण. कधीं ज्वारी भरडून केलेल्या कण्या. कधीं ज्वारींत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी. आणि सकाळीं शेतावर जातांना रात्रींची शिळी भाकरी व ताक. ‘भाकरीचा आधार राहतो, भाताचा राहत नाहीं’ असें बायाबापड्या म्हणत. शिकलेल्या माणसानें हें ऐकून हसावें, असा एक काळ होता.

आतां थोडा वेळ वऱ्हाड सोडून कॅनडांतील टोरोंटो शहरीं चला. तेथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट या दोघांनीं इन्शुलिन हातीं आणलें. मधुमेह्याचा प्राण वाचूं लागला. पण त्यानें काय खावें हा प्रश्न राहिलाच. अनेक वर्षें डॉक्टरांची समजूत अशी होती कीं, साखर रक्तांत झटकन उतरते आणि पिष्टमय धान्यें सावकाश. त्याच टोरोंटोंत डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनीं ही समजूत मोजून पाहिली. ज्यांत पन्नास ग्रॅम पचणारें कर्बोदक असेल एवढा पदार्थ माणसाला खावयास द्यावयाचा, पुढील दोन तास रक्तांतील साखर तपासावयाची, आणि शुद्ध ग्लुकोजनें जी वाढ होते ती शंभर धरून या पदार्थाला अंक द्यावयाचा. अशा ६२ पदार्थांचे अंक त्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केले. यालाच ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ म्हणतात. आपण शर्करांक म्हणूं. निकाल चमत्कारिक निघाला. पांढरा पाव आणि बटाटा हे साध्या साखरेच्याहि वर जाऊन बसले. मसूर, हरभरा, राजमा हीं कडधान्यें तळाशीं राहिलीं. जवाचा अंकहि पुष्कळच खालचा आहे. चरकसंहितेंत प्रमेहाच्या कारणांमध्यें बैठें सुख, नवें धान्य व गुळाचे प्रकार सांगितले आहेत, आणि पथ्यांत जवाला मान दिला आहे, याची येथें आठवण होते. मात्र यावरून आमच्या पूर्वजांना सर्वच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह मी आवरतों. त्यांनीं रोगी नीट पाहिले होते, एवढेंच म्हणणें रास्त आहे.

शरीरांत घडतें तें असें. पचनाला सोपें अन्न आलें म्हणजे रक्तांत साखरेचा लोंढा येतो. त्याला आवरण्यासाठीं इन्शुलिन मोठ्या प्रमाणांत सुटतें. तें साखर पेशींत ढकलतें, आणि सांठवलेली चरबी खर्चास निघण्याची वाट बंद करतें. दोनचार तासांत साखर उतरते, कधीं मूळच्याहून खालीं जाते, आणि माणूस पुन्हा डबा धुंडाळूं लागतो. ज्वारींत पिष्टाच्या कणांभोवतीं प्रथिनांचें चिवट वेष्टण असतें, त्यामुळें पाचकरसांना आंत शिरण्यास वेळ लागतो. भरड दळलें तर आणखी वेळ लागतो; उडदाची जोड मिळाली तर आणखी. शिजवलेलें पिष्ट थंड झालें म्हणजे त्याचा कांहीं भाग पचनास कठीण होतो. म्हणजे कण्या, कळणा आणि शिळी भाकरी या तिन्ही गरिबीच्या गोष्टी या एका बाबतींत शहाणपणाच्या ठरल्या.

बोस्टन येथें डेव्हिड लुडविग यांनीं १९९९ सालीं बारा लठ्ठ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ओट नांवाचें धान्य एके दिवशीं झटपट शिजणाऱ्या बारीक रूपांत दिलें, दुसऱ्या दिवशीं भरड रूपांत, उष्मांक सारखे. बारीक ओट खाल्ल्यावर दुपारीं मुलांनीं ५३ टक्के अधिक खाल्लें. परंतु याची दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. सिडनी येथें सुझॅना होल्ट यांनीं १९९५ सालीं ३८ पदार्थ सारख्या उष्मांकाचे देऊन तृप्ति मोजली, तेव्हां पहिला क्रमांक उकडलेल्या बटाट्याचा आला! पाव शंभर धरला तर बटाटा ३२३. शर्करांक उंच, तरी पोट भरलेलें. तेव्हां भूक एकाच अंकाच्या ताब्यांत नाहीं. पाणी, चोथा, प्रथिनें आणि अन्नाचा आकार यांचाहि तींत वांटा आहे. ज्वारी ही जादूची वस्तु नव्हे. बैठ्या माणसानें चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्याची साखर चढणारच.

मग ती ताटांतून गेली कशी? १९६४ सालीं सी. एस. एच. १ ही पहिली संकरित ज्वारी आली. पीक दणदणीत येई. पण काढणीच्या वेळीं पाऊस लागला कीं दाणा काळा पडे आणि बाजारांत कोणी विचारीना. १९७२ च्या दुष्काळांत रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. ती ज्यांनीं खाल्ली त्यांच्या तोंडून तिचें कौतुक मीं ऐकलेलें नाहीं. नंतर सोयाबीन आलें. तें तीनसाडेतीन महिन्यांत रोख पैसा देतें. ज्वारीला तें जमत नाहीं. बैल कमी झाले, कडब्याची गरज उरली नाहीं. भाकरी थापण्याचे कष्ट बाईचे. तिला पोळी व भात सोपा वाटला तर तिला दोष कोण देणार? अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालीं झाला. दरमाणशीं पांच किलो, तांदूळ तीन रुपये, गहूं दोन रुपये, भरड धान्य एक रुपया. १ जानेवारी २०२३ पासून तर हें धान्य फुकट मिळतें. उपाशी माणसाला तांदूळ मिळाला ही लहान गोष्ट नव्हे, आणि शर्करांकाच्या नांवानें त्याला नाक मुरडणाऱ्यांशीं माझें जमणार नाहीं.

परंतु शरीर कोणतें, हाहि प्रश्न आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती माता व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तीं बाळें वजनानें लहान, हातापायांनीं बारीक, तरी अंगांत चरबी राखून जन्मलेलीं आढळलीं. याज्ञिकांनीं आपलें व आपले इंग्रज मित्र प्रोफेसर युडकिन यांचें एक छायाचित्र २००४ सालीं लॅन्सेट नियतकालिकांत छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें; पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! अशा कृश दिसणाऱ्या परंतु आंतून चरबी धरणाऱ्या देहाला साखरेचे लोंढे सोसणें अवघड जातें. आमच्याकडील शेतमजूर दिवसभर राबे तोंवर ती साखर स्नायूंत जळून जाई. त्याचा नातू दुकानांत बसतो. ताटांत पांढरा भात, आणि दर दोन तासांनीं गोड चहा व बिस्किट.

हा दर दोन तासांचा चहाच विदर्भांतील एका विद्वानानें हेरला होता. काटोलकडील डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं आपल्या व्याख्यानांतून सांगितलें कीं, प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन सुटतें, म्हणून दिवसांतून दोनदांच जेवावें. २००४ सालीं त्यांचें अपघाती निधन झालें. पुढें लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं हा विचार महाराष्ट्रभर पोंचविला. काय खावें याहून किती वेळां खावें यावर त्यांचा भर आहे. इन्शुलिन टोचणाऱ्यांनीं किंवा गोळ्या घेणाऱ्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरला विचारल्यावांचून असला प्रयोग करूं नये.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळलें. शहरांतील दुकानांत ज्वारीचें पीठ सुबक पिशव्यांतून येऊं लागलें, आणि ज्वारीचा भाव कित्येकदां गव्हाच्या वर जाऊं लागला. इकडे वऱ्हाडांत ज्याच्या आजोबाला मजुरी म्हणून ज्वारी मिळे, त्याला डॉक्टर भात कमी करून भाकरी खाण्यास सांगतात. रेशनचा तांदूळ फुकट आहे. ज्वारी त्याला बाजारांतून विकत आणावी लागते.