खरकट्यातील ज्योत

'खरकटे' हा शब्द नुसता कानी पडला तरी आपले मन किंचित मागे सरते. ताटात असेपर्यंत ज्याला आपण पूर्णब्रह्म म्हणतो, तेच अन्न ताट उचलले की विटाळ ठरते. या विटाळापासून जळाऊ वायू निघतो, त्यावर चूल पेटते आणि मोटारही धावते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ही विद्या सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत येऊन पोहोचली होती. मग खरकट्यापर्यंत पोहोचण्यास तिला एवढा विलंब का लागला? आजच्या भाषणात या विलंबाचाच इतिहास सांगावयाचा आहे.

मूळ शोध इटलीतला. विजेच्या घटामुळे ज्याचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, त्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे पाहिले. पाण्याखाली कुजणाऱ्या पानापाचोळ्यातून निघणारा हा वायू म्हणजे मिथेन. हवा न लागता सेंद्रिय पदार्थ कुजला की तो निघतो. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडातील एक्झिटर या गावी डोनाल्ड कॅमेरॉन याने सांडपाण्यासाठी बंद टाकी बांधली आणि तिच्यातील वायूवर दिवे लावले.

एक्झिटरनंतर अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १८९७ साली, हीच युक्ती मुंबईत माटुंग्यास आली. ती राजवाड्यात आली नाही, गिरणीत आली नाही. ती आली निराश्रित कुष्ठरोग्यांच्या आश्रमात. तेथील मैल्याच्या टाकीवर वायू साठविण्याची सोय करण्यात आली, त्या वायूवर दिवे लागले आणि पुढे एंजिनही चालविण्यात आले. नगरपालिकेचे इंजिनियर कार्कीट जेम्स यांनी या टाकीविषयी लिहून ठेवले आहे. पुष्कळ पुस्तकांत या प्रयोगाचे साल १८५९ असे छापलेले आढळते आणि एकाचे पाहून दुसरा तेच लिहितो. परंतु ज्या आश्रमात ही टाकी होती तो आश्रमच मुळी १८९० साली निघाला. तेव्हा १८५९ हे साल खरे असणे शक्य नाही.

आश्रम काढणारे गृहस्थ म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ. वडाळ्याच्या रुग्णालयास आज त्यांचेच नाव आहे. मराठी माणसाने त्यांना आणखी एका कारणासाठी ओळखले पाहिजे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने त्यांनी मराठ्यांचे ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ साली प्रसिद्ध केले. गोंधळ्यांच्या तोंडी विखुरलेले काव्य आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली माणसे या दोहोंकडे एकाच माणसाचे लक्ष जावे, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. ज्यांच्या हातचे पाणीही कोणी घेत नसे, त्यांच्या आश्रमात हा नवा दिवा प्रथम लागला. शहराने मात्र त्यापासून काही घेतले नाही. माटुंग्याच्या टाकीचा उल्लेख ग्रंथांत राहिला आणि मुंबईची घाण पूर्वीप्रमाणेच खाडीकडे जात राहिली.

वायूचा धागा क्षणभर सोडून आपल्या इंदूरकडे वळावयाचे, कारण टाकाऊ पदार्थांच्या इतिहासात या शहराचे नाव जगभर गेले ते याच काळात. होळकर संस्थानने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली वनस्पति-उद्योग संस्था निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मुत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचावयाचे, ते पुनःपुन्हा उलथावयाचे आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार करावयाचे, ही त्यांची रीत 'इंदूर पद्धती' म्हणून आजही ओळखली जाते. १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड हेही नाव आहे. हॉवर्डांचे नाव सर्वत्र घेतले जाते. वाडांचे मात्र इंदुरातही क्वचितच ऐकू येते. खताच्या या रीतीत हवा खेळती ठेवावी लागते आणि वायूच्या रीतीत हवा कोंडावी लागते. कुजविण्याचे हे दोन मार्ग. पहिल्यात खत मिळते, दुसऱ्यात वायूही मिळतो आणि उरलेला रबडा खतासारखा वापरता येतो.

वायूच्या मार्गाने आपला देश पुन्हा चालू लागला तो शेणाचे बोट धरून. १९३९ साली दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरत्या टोपणाचे 'ग्रामलक्ष्मी' यंत्र सिद्ध केले. साठीच्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तशी यंत्रे गावोगाव नेली आणि १९८१-८२ पासून सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली. हे सारे स्तुत्यच होते. पण शेणच का, हा प्रश्न विचारला पाहिजे. जनावरे होती हे उघड कारण झाले. माझ्या मते दुसरे कारणही तितकेच खरे आहे : शेण आपण पवित्र मानीत आलो. त्यात हात घालण्यास कोणाची ना नव्हती. खरकटे आणि मैला यांना हात लावण्यासाठी मात्र आपण माणसांच्या निराळ्या जाती नेमून ठेवल्या होत्या.

या भिंतीवर घाव घालणारा माणूस कोकणात निघाला. आप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी भंगीकाम मागितले. ते जातीने ब्राह्मण म्हणून मिळेना, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्याच्या सोप्या रीती शोधल्या. देहूचे डॉक्टर मापुसकर यांनी त्याच वाटेने जाऊन शौचालयास जोडलेली वायुयंत्रे उभी केली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

खरकटे अजून बाहेरच होते. एका अर्थी त्याची गरजही नव्हती. जुन्या घरात खरकटे उरतच नसे. शिळ्या भाताला फोडणी मिळे, भाज्यांची देठे गाईपुढे जात, भांड्यांचे पाणी अळवाला किंवा केळीला जाई. आणि आमच्या ख्रिस्ती वाड्यांत बाकीची सोय डुकरे करीत. पाच हजारांना भोजन दिल्यावर उरलेले तुकडे गोळा करावयास लावून बारा टोपल्या भरल्याची कथा शुभवर्तमानात आहे. पूर्वी उपदेशक चमत्कारावरच बोलत. टोपल्यांवर बोलावे असे त्यांना वाटत नसे, कारण घरोघर ते होतच होते. शहरात गाय गेली, अळवाचे आळे गेले आणि सारे एकाच डब्यात पडू लागले.

येथे पुण्याच्या एका शास्त्रज्ञाने प्रश्नाची बाजूच पालटली. महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे पुत्र डॉ. आनंद कर्वे यांनी 'आरती' या संस्थेत २००३ साली घरगुती वायुयंत्र तयार केले. त्यांचा विचार सरळ होता. शेण हे जनावराने एकवार पचवून टाकलेले अन्न होय. त्यातील कस अगोदरच निघून गेलेला असतो. वायू करणारे जंतू जनावराच्या पोटात राहतात. मग त्यांना उरलेला चोथा देण्यापेक्षा पीठ, भात, खराब धान्य, पेंड असे खरे अन्नच का देऊ नये? अशा दोन किलो अन्नातून एका दिवसात जेवढा वायू मिळतो, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात, असे त्यांनी मांडले. हा हिशेब कोणास थोडा उदार वाटला तरी तत्त्व निर्विवाद आहे. २००६ साली या यंत्रास लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. याच सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे मोठ्या स्वयंपाकघरांसाठी योग्य असे संयंत्र पुढे आणले.

या यंत्रांचीही प्रकृती नाजूक असते. आत दोन प्रकारचे जंतू काम करीत असतात. पहिले अन्नाचे आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा वायू करतात. दुसऱ्यांची चाल मंद असते. एखाद्या दिवशी हावरेपणाने जास्त खरकटे ओतले तर आम्ल साचते, दुसरे जंतू मरगळतात आणि वायू बंद पडतो. सारांश, यंत्रालाही अजीर्ण होते. गोमंतकात साळगाव येथे २०१६ साली दिवसाला १०० टनांच्या क्षमतेने सुरू झालेल्या प्रकल्पापासून गृहिणीच्या गच्चीवरील टाकीपर्यंत हा नियम सर्वांना लागू आहे.

अखेर पुन्हा इंदूर. देवगुराडियाच्या ज्या माळावर शहराचा लक्षावधी टन कचरा डोंगराप्रमाणे साचला होता, तेथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी दिवसाला ५५० टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेचे संयंत्र सुरू झाले. कच्च्या वायूत मिथेन साधारण साठ टक्के असते, उरलेला बहुतेक कर्बद्विप्राणिद वायू. तो धुऊन काढला आणि मिथेनचे प्रमाण नव्वदीच्या वर नेले की मोटारीचे इंधन होते. दिवसाला सुमारे १७,००० किलो इंधन असा अंदाज उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आला आणि ते शहराच्या बसगाड्यांसाठीही योजले होते.

यंत्र परदेशी विद्येचे आहे, पैसाही मोठा लागला. पण त्याचा पाया त्याच्या आधी सहा वर्षे गल्लोगल्लीत घातला गेला होता. २०१६ पासून कार्यकर्ते दारोदार हिंडले, ओले निराळे आणि कोरडे निराळे ठेवा म्हणून विनवीत राहिले, आणि गाडीवरील सफाई कामगार मिसळलेली बादली परत करू लागले. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या आपले खरकटे मुकाट्याने उचलले, तो दारात उभा राहून 'हे असे चालणार नाही' असे सांगू लागला आणि यजमानाने ते ऐकून घेतले! माटुंग्याच्या टाकीपासून या प्रसंगापर्यंत सव्वाशे वर्षे गेली. तरीही संयंत्रात येणारा ओला कचरा आजही आधी चाळावा लागतो, आणि त्यातून प्लास्टिकच्या पिशव्या, काचा आणि चिंध्या निघतात.