आजीचं बोचकं

निवृत्तीनंतर मी गोधडी शिवायला बसले. सुई-दोरा घेतला, धावदोरा घालता येत होता. अडलं ते कापडापाशी. कपाटं भरलेली, पण सगळं टेरिकॉट नाहीतर सिंथेटिक. जुनं, मऊ सुती असं काही नव्हतंच. तेव्हा माळ्यावरचं आजीचं बोचकं आठवलं.

आजी कुठलीही चिंधी टाकत नसे. लुगडं विरलं की धुऊन, उन्हात वाळवून बोचक्यात जाई. नऊवारी म्हणजे सुमारे आठ मीटर; चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर तयार! त्यातलं धड लुगडं वर-खाली, फाटकी धोतरं आत. झिजलेल्या सुतातून सुई सहज जाते आणि थरांमधली हवा ऊब धरते.

बोचकं सोडलं, तर थराथराने काळच बाहेर आला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारण्याचं काम हाती घेतलं. पुढे गिरण्यांचं कापड खेडोपाडी पोचलं. तळाशी त्याच कापडाची धोतरं होती. त्यावर ठिगळावर ठिगळ लावलेली लुगडी. दुसऱ्या महायुद्धात कापड महागलं, १९४३ मध्ये सरकारने त्यावर नियंत्रण आणलं. त्या दिवसांत गोधडीसाठीसुद्धा कापड उरत नसे, असं आई सांगायची. सर्वांत वर काकांनी आणलेले कटपीस. काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काका पुन्हा कामावर गेले नाहीत, आणि बोचक्यात नवं काही पडलं नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आजी गेल्यावर यातलं निम्मं कापड मीच बोहारणीला दिलं आणि स्टीलचं पातेलं घेतलं. तेव्हा मला तो सौदा फायद्याचा वाटला होता. पातेलं अजून आहे. पण आजीचं हिरवं लुगडं, ज्याच्या पदराखाली मी झोपायचे, ते त्यातच गेलं.

आता मी शेजारपाजारी जुनी सुती साडी, धोतर, पंचा मागते. कोणाचं काय, ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवते. नवं कापड दुकानात मिळतं. वापरून मऊ झालेलं मात्र घरातच जमवावं लागतं. तुमच्याही माळ्यावर असं बोचकं असेल, तर देऊन टाकण्याआधी एकदा सोडून बघा.