आवक-जावक



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. न लिहिण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे आणि आजचा लेख त्यातूनच निघालाय.

मागच्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. धानोरा तालुक्यातल्या एका गावात तो ग्रामसभेच्या कागदपत्रांचं काम पाहतो. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, मेल पायला नाही का जी?"

"कोणता मेल रे?"

ग्रामसभेला मिळालेल्या सामूहिक वनहक्काच्या पट्ट्यात जंगलाच्या एका कक्षाचा क्रमांक सुटला होता. तो दुरुस्त करून मागायचा अर्ज त्याने लिहिला आणि "सर, भाषा तेवढी पाहून द्या" म्हणून मला पाठवला. अडीच महिन्यांपूर्वी! त्याने आठ दिवस वाट पाहिली आणि मग तसाच अर्ज दिला. "तारीख होती ना जी," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

फोन ठेवून मी संगणक उघडला. न वाचलेले विरोप ४३१२. (ई-मेलला 'विरोप' म्हणायची हौस मराठी जालावर एके काळी आम्हा बऱ्याच जणांना होती. माझी अजून गेली नाही.) एका बँकेची कर्जाची जाहिरात आणि पुतण्याने पुढे ढकललेला विनोद, या दोघांच्या मध्ये त्या पोराचं पत्र बसलं होतं. तीस-पस्तीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं. आलेल्या पत्राची पोच द्यावी, हा त्यातला पहिला धडा!

त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांपुढे येत राहिली ती १९७४ सालची माझी पहिली शाळा.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, चंद्रपूर जिल्ह्यातला एक तालुका होता. बी.ए. होऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमचे मुख्याध्यापक गावचे ब्रँच पोस्टमास्तरही होते. खेड्यातल्या शाळामास्तरांकडेच डाकघर सोपवायची रीत इंग्रजांच्या काळापासूनची. गावात लिहिता-वाचता येणारा आणि जागेवर सापडणारा माणूस म्हणजे मास्तर. वर्गाच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी, एक तारखेचा शिक्का, एक तागडी, झालं पोस्ट ऑफिस.

थैली आठवड्यातून दोनदा यायची. शाळा सुटली की गुरुजी ती उघडत. आधी रजिस्टर पत्रं आणि मनीऑर्डरी मोजून वहीत चढवायच्या, मग प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का, मग वाटणी. गावातली वेगळी, आजूबाजूच्या टोल्यांवरची वेगळी, चुकून आलेली वेगळी. थैली रिकामी करून उलटी झटकल्याशिवाय ते उठत नसत. पावसाळ्यात कठाणीला पूर आला की थैली पलीकडच्या काठावर अडकायची. पाणी उतरलं की चार दिवसांची डाक एकदम यायची. तरीही पद्धत तीच, घाई नाही आणि शिल्लकही नाही.

शाळेचं टपाल वेगळं. त्याला आवक-जावक नोंदवही. सरकारी नोकरी केलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय आणि शेवटचा रकाना 'काय कारवाई केली'. तो रकाना कोरा दिसला की आमचे गुरुजी अस्वस्थ होत. "पत्र वाचलं म्हणजे काम झालं नाही, रकाना भरला म्हणजे झालं," असं म्हणत. आम्हा तरुण मास्तरांना तेव्हा ते कारकुनी वाटायचं.

पत्रांच्या ढिगाचा विषय निघाला की मला आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याची आठवण होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. आडगाव, धड रस्ता नाही. पण जगभरची पत्रं त्यांच्या मागोमाग आली. आणि झालं काय, की बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव आधीच प्रसिद्ध, शिवाय रेल्वे स्टेशन असलेलं. पत्रं तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० साली गांधीजींच्या गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं. आज ते नाव ऐकून आपल्याला केवढा उदात्त अर्थ जाणवतो! पण त्यामागचं एक रोकडं कारण म्हणजे पत्ता चुकत होता.

महादेवभाई देसाई सुरुवातीला वर्ध्याला मगनवाडीत राहत आणि कागदपत्रं घेऊन रोज पायी शेगावला जाऊन येत. विदर्भाच्या उन्हात! गांधीजी उजवा हात दुखला की डाव्या हाताने लिहीत. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि पाकिटं उलटून वापरत. सोमवारी मौन असे, त्यामुळे भेटणाऱ्यांशी बोलणं बंद, पण लिहिणं चालू. त्यांच्या लेखनाचे जे १०० खंड सरकारने काढले, त्यांत पत्रांचा वाटा फार मोठा आहे. त्यांतली कितीतरी कुणा अनोळखी माणसाच्या घरगुती प्रश्नाला दिलेली दोन-चार ओळींची उत्तरं आहेत. उत्तर लहान असलं तरी चालतं, पण ते त्या माणसालाच लिहिलेलं असलं पाहिजे, हे मी त्यातून शिकलो. म्हणजे शिकलो असं समजत होतो.

पत्ते चुकण्याचं दुखणं सगळ्या देशाचं होतं. एका नावाची अनेक गावं, त्यात भाषा आणि लिप्या अनेक. त्यावरचा उपाय एका मराठी माणसाने काढला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. त्यांची पिन कोड योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. चंद्रपूर ४४२४०१, गडचिरोली ४४२६०५. सहा आकड्यांत गाव पक्कं. मी वर्गात हे आकडे पाढ्यांसारखे पाठ करून घेत असे.

गंमत म्हणजे वेलणकरांची योजना येण्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडलं आणि माणसाचं नाव व त्याचं यंत्र यांच्या मध्ये ते वेटोळ्याचं चिन्ह टाकलं. पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं, हे पुढे त्यांनाही आठवत नव्हतं.

आणखी एक योग पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच ऑगस्ट १९८२ मध्ये, एका यंत्राने दुसऱ्याला पत्र कसं सोपवावं याचा नियम अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नियम लिहिणाऱ्याचं नाव जॉन पोस्टेल. पोस्टेल! आडनावातच पोस्ट :) पुढचं यंत्र बंद असेल तर पत्र फेकायचं नाही, जवळ ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करायचा. हे प्रयत्न चार-पाच दिवससुद्धा चालतात. भाच्याने मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, अरे, ही तर आमची कठाणीकाठची थैली!

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, तेही आधी मोठ्या शहरांत. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं आणि फुकट पत्ता मिळू लागला. माझं खातं २००३ साली चंद्रपूरच्या एका सायबर कॅफेत याच भाच्याने उघडून दिलं. तासाचे पैसे पडायचे, म्हणून मी घरून कागदावर पत्र लिहून न्यायचो आणि तिथे एका बोटाने टंकायचो. आठवड्याला चार-पाच विरोप यायचे. प्रत्येकाला उत्तर जायचं.

मग बिघडलं कुठे?

मला वाटतं, पत्राचा खर्च संपला तिथे. आमच्या काळी पत्र लिहायचं तर कार्ड विकत आणा, शाई भरा, पेटीपर्यंत चालत जा. हा त्रासच गाळणीचं काम करायचा. लिहिण्यासारखं असेल तोच लिही. ती गाळणी गेल्यावर काय होतं, हे फार लवकर दिसलं होतं. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने संगणकाची जाहिरात एकदम सुमारे चारशे जणांना पाठवली. तेव्हा ओरडा झाला, पण वाट पडली ती पडलीच. पुढे १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं. बाकीचे दोन-चार एमबी जागा देत असताना त्यांनी एक जीबी दिली. लोकांना तो एप्रिल फूलच वाटला होता! जागा कमी होती तोवर नाइलाजाने का होईना, थैली झटकावी लागायची. नंतर तीही गरज उरली नाही.

यावर शहाण्यांनी आपापले उपाय केले. डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्राच्या थोर प्राध्यापकांनी १ जानेवारी १९९० पासून ई-मेल सोडूनच दिलं आणि साध्या टपालाने लिहा असं सांगितलं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर निरोपांपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं.

मुलगी म्हणते, "बाबा, मेल कोण बघतं आता? व्हॉट्सअ‍ॅप करा." तिचं चूक नाही. तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली. माझ्या पिढीचं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विरून गेलं. मग ई-मेलनेच का टिकावं?

याचं उत्तर मला त्या पोराच्या अर्जात सापडलं. त्याने मेल केला, कारण त्याला नुसता निरोप द्यायचा नव्हता. विषय, तारीख आणि सोबत जोडलेला कागद पाठवायचा होता, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल असा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा लेखाला कागदासारखीच मान्यता दिली आहे. आणि ई-मेल कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. या कंपनीच्या खात्यातून त्या कंपनीच्या खात्यात पत्र जातं, या देशाच्या टपालातून त्या देशाच्या टपालात जावं तसं.

आमच्या भागातल्या माणसाला लेखी गोष्टीचं मोल कुणी सांगायला नको. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाने पिढ्यानपिढ्या जंगल राखलं. पण २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर दावा कागदावरच करावा लागला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती येईपर्यंत एप्रिल २०११ उजाडलं. तोंडी सांगितलेलं इथे वाऱ्यावर जातं. त्या पोराने मला मागितली ती एवढ्या मोठ्या कामातली चिमूटभर मदत, आणि ती मी विनोदांच्या ढिगाखाली हरवली.

असो. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. आवक, जावक, काय कारवाई केली. डाक दिवसातून दोनदाच उघडायची, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. जाहिरातवाल्यांचे विरोप रोज दहा या हिशेबाने बंद करवायचे. वहीत फक्त माणसांची पत्रं चढवायची. ज्याला आज पूर्ण उत्तर जमत नाही, त्याला निदान पोच.

ते ४३१२ विरोप मी एकेक करून पाहिले. तीन आठवडे लागले (आता कळलं ना, इथे का लिहिलं नाही ते!). त्यांत खऱ्या माणसाने खास मलाच लिहिलेली पत्रं निघाली चौदा. अकरांना माफी मागून उत्तर लिहिलं. दोघांचं काम केव्हाच होऊन गेलं होतं. चौदावं एका जुन्या सहकाऱ्याचं, 'नागपूरला आलात तर घरी या' म्हणून. ते आता नाहीत. त्यांच्या नावापुढचा रकाना मी कोराच ठेवलाय.

त्या पोराचा अर्जही शेवटी वाचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका. पण गावाच्या चारी शिवा, नाले, देवाचं झाड, सुटलेला कक्ष, सगळं जागच्या जागी आणि एक शब्द फालतू नाही. मी हात लावला असता तर 'सविनय' आणि 'कृपावंत' घालून तो नक्की बिघडवला असता. तसं त्याला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "पोच मिळाली सर. नेटवर्क नव्हतं. अर्जाचं अजून काही समजलं नाही."

वहीत त्याची नोंद आवक क्रमांक १ अशी आहे. शेवटच्या रकान्यात लिहिलंय, 'निकालाची वाट पाहणे, महिन्याने पुन्हा विचारणे.'

तुमच्याही डाकेत कुणाचं पत्र अडकलंय का, पाहून घ्या. आणि माझ्याकडून कुणाला उत्तर यायचं राहिलं असेल तर हक्काने कळवा.

चूभूद्याघ्या.