मॅक्रो-विस्तार, अनिष्ट : डिव्हाइस ट्रीमधील

डिव्हाइस ट्रीच्या स्रोतफाइलवर सी भाषेचा प्रीप्रोसेसर चालवताना, जो शब्द जसाच्या तसा राहायला हवा त्याच्या जागी मॅक्रोचे मूल्य येणे, याला अनिष्ट मॅक्रो-विस्तार म्हणतात.

पार्श्वभूमी : बोर्डावर कोणते घटक आहेत, त्यांचे पत्ते आणि इंटरप्ट कोणते, याचे लिनक्स कर्नलला वाचता येणारे वर्णन म्हणजे डिव्हाइस ट्री. ही पद्धत ओपन फर्मवेअरमधून (आयट्रिपलई १२७५, १९९४) आली. एआरएम बोर्डांसाठीच्या कोडचा पसारा वाढल्याबद्दल २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ही बोर्डे डिव्हाइस ट्रीकडे वळू लागली. २०१३ मध्ये कर्नलच्या बिल्डमध्ये फाइल डीटीसी या कंपायलरकडे देण्याआधी प्रीप्रोसेसरमधून काढण्याची सोय झाली. त्यामुळे आकड्यांऐवजी मॅक्रोची नावे लिहिता येऊ लागली.

कारण : लिनक्ससाठीचा जीसीसी हा सी कंपायलर रोमन लहान अक्षरांतला ‘लिनक्स’ हा शब्द नेहमीच्या जीएनयू पद्धतीत आपणहून १ असा ठरवून ठेवतो. ‘लिनक्स,कोड = <की_पॉवर>;’ या ओळीत ‘की_पॉवर’चे ११६ होणे हवेच असते; पण त्याच झपाट्यात ‘लिनक्स,कोड’ हे गुणधर्माचे नावही ‘१,कोड’ होऊन बसते. असे नाव डीटीसीला चालते, त्यामुळे बिल्ड बिनबोभाट पूर्ण होते. बोर्ड सुरू झाल्यावर बटणांच्या ड्रायव्हरला की-कोड सापडत नाही, तेव्हा कुठे चूक उघड होते. दुहेरी अवतरणातल्या मजकुराला मात्र प्रीप्रोसेसर हात लावत नाही.

उपाय : कर्नलच्या बिल्डमध्ये प्रीप्रोसेसरला ‘-अनडेफ’ हा पर्याय दिलेला असतो. त्यामुळे जीसीसीचे आणि प्रणालीचे पूर्वनिश्चित मॅक्रो गळतात. हेडर फाइलमध्ये व्याख्या केलेले मॅक्रो शाबूत राहतात. केवळ एकच नाव अडत असेल, तर ‘-यू’ पर्यायाने तेवढेच रद्द करता येते. ‘#ॲड्रेस-सेल्स’सारखी # ने सुरू होणारी नावे प्रीप्रोसेसरला आज्ञा वाटू नयेत म्हणून फाइलची भाषा ‘असेंबलर-विथ-सीपीपी’ अशी सांगतात. ‘-नोस्टडइंक’मुळे यजमान संगणकाची हेडर शोधमार्गात येत नाहीत.

मर्यादा व पडताळणी : स्वतः जोडलेल्या हेडरमधला मॅक्रो ट्रीमधल्या एखाद्या नोडच्या (घटकाच्या नोंदीच्या) किंवा गुणधर्माच्या नावाशी जुळला, तर ‘-अनडेफ’ उपयोगी पडत नाही; तिथे मॅक्रोचे नाव बदलावे लागते. ‘/इन्क्लूड/’ ही डीटीसीची स्वतःची आज्ञा असल्याने तिने आणलेल्या फाइलमध्ये मॅक्रोचा विस्तारच होत नाही. शंका आल्यास ‘-ई’ देऊन प्रीप्रोसेसरचे आउटपुट पाहावे, किंवा डीटीसीने तयार केलेली डीटीबी ही बायनरी फाइल डीटीसीनेच उलट मजकुरात आणून गुणधर्मांची नावे तपासावीत.