एकगती सायकल : खानदेशच्या संदर्भात काही विचार

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधांचा इतिहास लिहितो. कोणी, केव्हा, काय नवे केले याची जंत्री तयार होते. ते यंत्र पुढची पन्नास वर्षे कोणी, कसे आणि का वापरले, हा प्रश्न बाजूला राहतो. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या सवयीवर बोट ठेवले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (2013) मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र अशा साध्या यंत्रांच्या आधारे भारतातील वापराचा इतिहास मांडला. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेल्या काळ्या, एकाच गतीच्या सायकलीकडे या दृष्टीने पाहिले, तर ‘मागासलेले यंत्र’ हा तिच्यावरचा शिक्का टिकत नाही.

प्रथम कालक्रम पाहू. जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल 1885 सालची. साखळीने मागचे चाक फिरवण्याची तिची रचनाच पुढे सर्वत्र रूढ झाली. मराठी मुलखात ही नवलाई लवकर पोचली. किर्लोस्कर बंधूंचे बेळगावातील सायकलींचे दुकान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. मागच्या चाकाच्या तुंब्यातच तीन गती सामावणारे स्टर्मी-आर्चर यंत्र इंग्लंडात 1902-03च्या सुमारास आले. साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर फ्रान्समध्ये विकसित झाला आणि 1937 मध्ये ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत त्याला परवानगी मिळाली. भारतातील मोठे कारखाने यानंतरचे : मद्रासचा टी. आय. 1949, सोनीपतचा ॲटलास 1951, लुधियानाचा हीरो 1956. म्हणजे आपल्याकडे सायकल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, तेव्हा अनेक गतींचे यंत्र सर्वज्ञात होते. तरीही सर्वसामान्यांच्या सायकलीला एकच गती राहिली. याचे कारण अज्ञान हे नव्हे.

कारण शोधायचे तर आकड्यांत शिरावे लागते. या सायकलीच्या पुढच्या चक्राला सामान्यतः 44 दाते असतात, मागच्या फ्रीव्हीलला 18, आणि चाक 28 इंची. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण 5.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 45 फेऱ्या, म्हणजे घाम न काढणारी चाल धरली, तर ताशी 14 ते 15 किलोमीटर वेग मिळतो. तापीच्या विस्तीर्ण सपाट खोऱ्यात गावाहून तालुक्याला, घरून शाळेला किंवा गिरणीला जाणाऱ्यास तेवढा पुरेसा होता. चढ लागतो तो प्रदेशाच्या कडेला : उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, धुळ्याहून मुंबईकडे निघताच लळिंगचा घाट.

दुसरे कारण मातीचे. खानदेशची काळी माती पावसाळ्यात चाकाला लोंबते आणि उन्हाळ्यात धूळ होऊन प्रत्येक फटीत शिरते. एकगती सायकलीची साखळी सरळ रेषेत धावते. ती रुंद असते आणि पत्र्याच्या पूर्ण चेनकव्हरमध्ये झाकता येते. धोतर किंवा साडीचा काठ तीत अडकत नाही, तेल टिकते, दाते सावकाश झिजतात. साखळी ढिली झाली, तर नट सैल करून चाक मागे ओढले की काम भागते. डिरेलरच्या साखळीला बाजूला सरकायला मोकळी जागा हवी, म्हणून ती असे झाकण सहसा स्वीकारत नाही. त्याच्या कमानीला एक धक्का बसला, तरी गती बदलेनाशी होते. पान्हा, हातोडी, चेन तोडण्याचे साधन आणि पंक्चरचे पाणी एवढ्यावर चालणाऱ्या झाडाखालच्या दुकानात जे दुरुस्त होते, तेच यंत्र त्या भागात टिकते. निवड केवळ कारखान्याने केली नाही. ती रस्त्याने, धुळीने आणि मिस्त्रीनेही केली.

मात्र येथे गौरवगीताचा मोह टाळला पाहिजे. ही गती मुळात इंग्लंडातील रस्त्यांवर ठरलेली. मागे दुधाचे कॅन बांधलेला माणूस, समोरून येणारा वारा, किंवा डबलसीट बसवून चढ चढणारा वडीलधारा यांना ती जड जाते. ‘टिकाऊ’ या शब्दाखाली हे कष्ट झाकले गेले. त्यावरचा उपायही साधाच होता. 18 ऐवजी 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले, तर एका फेरीत सायकल 4.4 मीटर जाते. वेग थोडा घटतो, पण गुडघ्यावरचा ताण हलका होतो. ज्यांना खरोखर चढउतार पार करायचे आहेत, त्यांच्यासाठी तुंब्यातील तीन गती हा अधिक समंजस मार्ग ठरतो : तेथे चेनकव्हर राहते, यंत्र धुळीपासून सुरक्षित राहते; फक्त ते उघडू जाणणारा मिस्त्री लागतो.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळा दूर असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले गेले. अशी सायकल महिनाभर नादुरुस्त पडली, तर मुलीची शाळाच सुटू शकते. म्हणून तिच्या बाबतीत ‘किती गिअर?’ यापेक्षा ‘गावात ती कोण दुरुस्त करील?’ आणि ‘तिच्या पायाला ती किती जड जाईल?’ हे प्रश्न आधी विचारायला हवेत. दुकानातील झगमगीत सहा-सात गती पाहून हे दोन्ही प्रश्न सहज विसरले जातात.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन 1926 मध्ये धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. अस्सल साधनांवाचून इतिहास नाही, हा त्यांचा आग्रह. रोजच्या वापराच्या यंत्रांना दफ्तर नसते. त्यांची साधने म्हणजे झिजलेले दाते, बदललेले फ्रीव्हील, मिस्त्रीच्या तोंडचे शब्द आणि सायकल चालवणाऱ्यांच्या आठवणी. भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या मिस्त्रीशी बोलून हे शब्द व या आठवणी टिपून ठेवल्या, तर खानदेशच्या सामाजिक इतिहासात एक मोलाची भर पडेल. ती मंडळी आता वृद्ध होत आहेत, हेही ध्यानात ठेवावे.